दाऊदभाई आणि छप्पन मापाची हॅट

दाऊदभाईंनी पहिल्याच भेटीत माझं मनगट धरलं. मांडवीत आम्ही राहायला येऊन चार दिवस झाले होते. शेजाऱ्यांची ओळख करून घ्यावी म्हणून त्यांच्याकडे गेलो, तर पुढच्या खोलीत टेबलावर एक तपकिरी फेल्ट हॅट ठेवलेली. माथ्याला पुढे दोन खळगे असतात, त्यांत बोटं घालून मी ती कौतुकाने उचलणार, तेवढ्यात हे झालं. पकड अशी की बोटं आपोआप सुटली. "चिमटीत नाय धरायची," ते शांतपणे म्हणाले. "माणसाला नाक धरून उठवता काय? कडेला धरा. दोनी हातांनी." मग मनगट सोडून त्यांनी भाभींना चहा टाकायला सांगितला आणि माझी चौकशी सुरू केली.

तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. मालवाहू जहाजांवर त्यांनी सत्तावीस वर्षं सुकाणी म्हणून काढली होती. कप्तान सांगेल त्या दिशेला चाक धरून ठेवायचं, हे त्यांचं काम. उजवं-डावं असं ते क्वचितच म्हणत, अंश सांगत. भिंतीवरची तसबीर तीन अंश कललेली असे, माझी स्कूटर स्टँडवर वीस. डोक्यावरची हॅट मात्र कायम सात अंश डावीकडे. मी मोजणी खात्यात नोकरी करतो. असं काही कानावर पडलं की पडताळून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. त्यांच्या एका फोटोवर मी कोनमापक ठेवून बघितला, साडेसात भरले. तसं त्यांना सांगितलं. "अर्धा अंश फोटोवाला वाकडा उभा असंल, मोजणीसाहेब," ते म्हणाले. तेव्हापासून माझं नाव तेच पडलं.

संध्याकाळी ते हॅट घालून जेटीवर जात. एप्रिलच्या घामातसुद्धा. नाक्यावरचा एक रिक्षावाला रोज विचारायचा, चाचा, डोक्यात इडल्या शिजल्या का? ते चालता चालता सांगत की तुझ्या रिक्षाच्या टपाखालच्यापेक्षा इथे गार हाय. शुक्रवारी हॅट घरी राही आणि डोक्यावर पांढरी टोपी येई. वाटेत हिंदूंची अंत्ययात्रा दिसली की रस्त्याच्या कडेला थांबून हॅट उतरवत. जनाजा असला तर मात्र घाईने घरी येऊन टोपी घालत आणि मागाहून सामील होत. यात त्यांची कधी गल्लत झालेली मी पाहिली नाही.

अशा तेवीस हॅटी त्यांच्याकडे होत्या, वेगवेगळ्या बंदरांतून आणलेल्या. आपल्याकडच्या हवेत फेल्ट टिकवणं म्हणजे रोजची लढाई. जुलैत चपलांना बुरशी येते, तिथे सशाच्या केसांपासून केलेल्या हॅटीचं काय होणार? त्यांच्या कपाटात पावसाळाभर चाळीस वॅटचा जुना पिवळा बल्ब पेटलेला असे. ब्रश दोन, गडद रंगाला एक आणि फिक्याला एक, आणि तो घड्याळाच्या उलट दिशेनेच फिरवायचा. माथा वाकला तर किटलीच्या वाफेवर धरून बोटांनी सावकाश बसवायचा. फिती गुंडाळून एका पत्र्याच्या डब्यात, पिसं दुसऱ्यात. हे करताना कोणी घाई केली की ते म्हणत, "घाई असंल तर उघडं डोकं बरं."

या तेविसांतली एक त्यांची नव्हती. ती वेगळ्या खोक्यात असे. हेदवीचा बाळू त्यांच्याच जहाजावर होता. इटलीतल्या एका बंदरात दोघांनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकसारख्या राखाडी हॅटी घेतल्या. दुकानदाराने टेप लावून डोकी मोजली होती: दाऊदभाईंचं अठ्ठावन्न सेंटिमीटर, बाळूचं छप्पन. बाळूने ती हॅट वर्षभर डोक्यावरून उतरवली नाही. मग तापाने आजारी पडला आणि परमुलखातल्या इस्पितळातच वारला. दाऊदभाईंनी त्याची पेटी हेदवीला पोचवली. त्याच्या बायकोने पेटी ठेवून घेतली, हॅट मात्र परत केली. ती खुंटीला दिसली की माणूस घरात आल्यासारखं वाटेल, ते मला सोसायचं नाही, असं ती म्हणाली. पोरगी मोठी होऊन मागेल तेव्हा तिला द्या. पोरगी दोन वर्षांची होती.

ही हॅट त्यांनी मला एकदाच दाखवली, तीही स्वतःच्या हातात धरून. फेल्ट हॅट वर्षभर घातली की आतली चामड्याची पट्टी डोक्याचा आकार घेते. बाळूचं डोकं डावीकडे मागच्या अंगाला जरा चपटं होतं, आणि तो चपटेपणा पट्टीत जसाच्या तसा उतरला होता. अडतीस वर्षांनी तो दिसत होता, बोटाला लागत होता. बाळूचे फोटो होते, पण त्याचं माप असं एवढंच उरलं होतं.

गेल्या एप्रिलात त्या मुलीचा फोन आला. वैशाली, चिपळूणला शिक्षिका आहे. आई वारली, तिच्या कपाटात हॅट घातलेल्या वडिलांचा फोटो सापडला, ती हॅट अजून आहे का? दाऊदभाईंनी सांगितलं, जशी होती तशी आहे. आठवड्याभरात त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि मुंबईला नेऊन बायपास करायची ठरली. वैशालीने येणं पुढे ढकललं. ते परत आल्यानंतरच्या रविवारी ती येणार होती.

जाताना त्यांनी मला किल्ली आणि एक कागद दिला. कागदावर अकरा सूचना होत्या. मी त्यांतल्या दहा तंतोतंत पाळल्या. अकरावी अशी होती: काही वेगळं दिसलं तर आधी मला विचारा.

नवव्या दिवशी तपकिरी हॅटीच्या कडेला मोहरीएवढी तीन भोकं दिसली. खाली कपाटाच्या फळीवर वाळूसारखा भुगा आणि त्यात हलणारी एक अळी. कसर लागली होती. आणखी दोन हॅटींनाही भोकं होती. बाळूच्या राखाडी हॅटीचं खोकं त्याच कपाटात होतं. ते उघडून हॅट पाहिली, स्वच्छ होती, पण किती दिवस राहणार? मी मुंबईला फोन केला. त्यांची मुलगी रुखसाना म्हणाली की अब्बा अजून अतिदक्षता विभागात आहेत, त्यांच्यापर्यंत काळजीची कुठलीच गोष्ट जाऊ देऊ नका. बरोबरच होतं तिचं. आणखी दोन दिवस थांबून विचारता आलं असतं. मी थांबलो नाही.

शालीला कसर लागली, तांदळात टोके झाले, गादीला वास आला, तर आपण काय करतो? मे महिन्याचं ऊन दाखवतो. आमच्या गच्चीवर तेव्हा आंबोशी आणि आमसुलं वाळतच होती. सुनंदा, माझी बायको, म्हणाली, "अहो, ती मऊ वस्तू आहे, विचारा तरी." मी तिला उनाचे फायदे सांगितले. पांढरी चादर अंथरून तेवीस हॅटी सारख्या अंतरावर मांडल्या. अकरा ते तीन, चार तास. दर अर्ध्या तासाने प्रत्येक हॅट फिरवली, म्हणजे ऊन सगळीकडे सारखं लागावं. कसर मेली. संध्याकाळी मी समाधानाने सगळ्या परत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी ब्रश फिरवताना राखाडी हॅट हातात वेगळी लागली. आतली पट्टी कडक होऊन कडेपासून सुटली होती. टेप लावला. साडेचोपन्न. पुन्हा लावला, पुन्हा साडेचोपन्न. डावीकडचा चपटा भाग मी बोटाने शोधला. पट्टी आकसून ताटलीसारखी गोल झाली होती. त्या जागी काहीच नव्हतं.

सोमवारी दाऊदभाई परत आले. खोकला आला की छातीशी उशी धरून बसत. डॉक्टरांनी सहा आठवडे मनाला कसलाही त्रास द्यायचा नाही असं बजावलं होतं, आणि वैशाली येणार होती सहाव्या दिवशी. त्यांनी विचारलं, हॅटी काय म्हणतात? मी म्हटलं, ठीक आहेत. मंगळवारी मी गेलोच नाही. बुधवारी भाभींनी त्यांचा रक्तदाब मोजला तेव्हा मी तिथे होतो, एकशे बावन्न. उद्या कमी झाला तर सांगू, असं मनाशी म्हटलं. गुरुवारी एकशे अठ्ठेचाळीस झाला. चारच आकड्यांचा फरक होता, पण थांबायला माझ्याकडे फार दिवस नव्हते.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कसर, गच्ची, चार तास. त्यांनी उशी छातीशी घेतली. भाभी दारात थांबल्या.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दीड सेंटिमीटर."

हॅट आणायला सांगितली. मी कडेला, दोन्ही हातांनी धरून आणली. त्यांनी ती मांडीवर उलटी घेतली आणि पट्टीवरून बोट फिरवत नेलं. डावीकडे मागे आलं तेव्हा बोट थांबलं. मागे गेलं, पुन्हा त्या जागी आलं, पुन्हा थांबलं. भाभी हळूच म्हणाल्या, पुरे आता. त्यांनी ऐकलं नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि मी मनातल्या मनात इस्पितळाचं अंतर मोजत होतो.

मला वाटलं की यातून एक वाट आहे. मी म्हटलं, तुम्हाला तो आकार तोंडपाठ आहे. वाफ देऊन, पट्टी भिजवून तुम्ही तो परत आणू शकाल. वैशालीने हॅट कधी पाहिलेलीच नाही.

त्यांनी बोट पट्टीवरून उचललं. मग म्हणाले, "करीन की. वाफ देऊन छप्पन करीन, चपटं पण करीन. पण ती माझी कारागिरी, बाळूचं डोकं नाय. ते तिला बाळूचं म्हणून द्यायचं नाय." पुढे म्हणाले, "आणि सांगायचं तुमी. चाक ज्याच्या हातात होतं, त्यानं बोलायचं."

वैशाली रविवारी अकरा वाजता आली. तिने पर्समधून फोटो काढून टेबलावर ठेवला. दाऊदभाईंनी खोकं पुढे केलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. दिवस, तास, मापं, अकरावी सूचना, सगळं.

"दीड सेंटिमीटर म्हणजे किती, दाखवा," ती शेवटी म्हणाली.

मी अंगठा आणि तर्जनी धरून दाखवलं.

ती त्या अंतराकडे बघत राहिली. "बाबांचं माझ्या वाट्याला एवढंच यायचं होतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. माझी बोटं तशीच हवेत राहिली होती. ती खाली घ्यायचं मला सुचत नव्हतं.

दाऊदभाईंनी उशी बाजूला ठेवली. "ऐक बाय," ते म्हणाले. "साहेबांनी उनात घालून बिघडवली, ती नंतर. त्याआधी मी बिघडवली होती. बाळू गेला तो दिवस आला की दरवर्षी मी ती घालून जेटीवर जायचो. माझं डोकं मोठं. त्याचा आकार कवाच मोडला. फोनवर तुला जशी होती तशी म्हणालो, ते खरं नव्हतं."

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत होते.

वैशालीने टेबलावरचा फोटो हातात घेतला. मग तिने विचारलं की जेटीवर जाऊन काय करायचात? ते म्हणाले, उभा राहायचो, आज माल किती उतरला ते त्याला सांगायचो. तिने विचारलं, बाबा कसे बोलायचे? मग दीड तास ते बाळूबद्दल बोलले. चाकावर असताना तो गुणगुणायचा, कप्तानाची चाल करून दाखवायचा, मुलगी झाल्याची तार आली तेव्हा त्याने साऱ्या खलाशांना शिरा करून घातला आणि मीठ टाकलं साखरेऐवजी. ती रडलीही आणि हसलीही. जाताना खोकं घेऊन निघाली तेव्हा मला म्हणाली, "तुम्ही सांगितलंत, ते बरं केलंत." दाऊदभाईंच्या पाया पडायला ती वाकली, तर त्यांनी पाय मागे घेतले.

दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी ते गेले. संध्याकाळी खुर्चीत बसल्या बसल्या. डोक्याला रुमाल बांधून मी जनाज्यात चाललो.

चाळिसाव्याला भाभींना भेटायला गेलो तेव्हा बोलता बोलता मी विचारलं, बाळूची हॅट घालून ते दरवर्षी जेटीवर जायचे, तेव्हा तुम्हाला सांगून जायचे का?

भाभींनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "ती? ती त्यांनी डोक्याला कधी लावली नाय," त्या म्हणाल्या. "आणि छप्पनची हॅट अठ्ठावन्नच्या डोक्यात जाईल कशी, भाऊ? तुमी तर मापं घेणारे."

हे गणित मला त्या रविवारीच सुटायला हवं होतं. दोन्ही आकडे मला पाठ होते, आणि पट्टीतला तो चपटा आकार शाबूत असताना मी स्वतः पाहिला होता. ज्या माणसाने बाळूच्या मुलीला वाफेने केलेला खोटा आकार द्यायला नकार दिला, त्यानेच तीन दिवसांनी तिच्यासमोर खोटा दोष स्वतःच्या अंगावर घेतला, कारण माझी बोटं हवेत राहिली होती.

वैशालीचा परवा फोन आला. दाऊदकाका नाहीत, तर या वर्षीपासून बाबांच्या दिवशी ती हॅट घेऊन मीच जेटीवर येणार, असं म्हणाली. तुम्ही याल का, असंही विचारलं. मी येतो म्हटलं. खरं काय ते मी तिला सांगितलेलं नाही, आणि सांगणार नाही.