पाळकसाहेब बाकावर बसले तेव्हा

माझे वडील चर्चचे पाळक होते. चर्चला येणारी सगळी मंडळी त्यांना पाळकसाहेब म्हणायची. आईही घरात 'अहो पाळकसाहेब' अशीच हाक मारायची, पण तिच्या तोंडी त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'दळण आणायला परत विसरलात' असा असायचा.

आमचं चर्च कोल्हापूरच्या जुन्या भागात, दोन तालमींच्या मधल्या गल्लीत. दगडी भिंती, वर कौलं आणि शेजारी लागूनच पाळकांचं लहानसं घर. मंडळीत शाळामास्तर, नर्सा, रिक्षावाले, फाउंड्रीत घाम गाळणारे, असे सगळेच. माझी नोकरी शहरातल्याच एका शाळेत होती आणि लग्न मी केलं नाही, त्यामुळे आई-पप्पांजवळच राहिले.

आई नर्स होती. निवृत्त झाल्यावरही गल्लीतल्या लोकांना इंजेक्शन द्यायला तीच जायची. तालमीतली दणकट पोरं सुई बघून डोळे मिटायची आणि ती त्यांना दम द्यायची. पप्पा मऊ बोलायचे, आई मोठ्यानं. दोघांना मिळून एक पाळक व्हायचा असं मंडळीतले लोक चेष्टेनं म्हणत.

एका उन्हाळ्याच्या शेवटी तिचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग, तोही पसरलेला. रिपोर्ट तिनंच आधी वाचला, चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाली, आता मला बघायला येणाऱ्यांना सांगा, सफरचंदं आणू नका, मला ती आधीपासूनच आवडत नाहीत.

मंडळीनं प्रार्थना सुरू केली. शुक्रवारी बायका उपास धरायच्या आणि संध्याकाळी आमच्या घरी जमायच्या. आईनं त्यांना दोन अटी घातल्या होत्या: तिच्यासमोर रडायचं नाही आणि चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. पप्पा त्या बायकांमध्ये बसून प्रार्थना करायचे. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांसाठी मागितलं होतं. स्वतःसाठी काही मागताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. ते अगदी स्पष्ट मागत होते, आडवळण न घेता, लहान मूल मागतं तसं. त्यांना खात्री होती की आई बरी होणार. नर्स असलेल्या आईला ती खात्री नव्हती. एकदा मी तिची वेणी घालत होते, तेव्हा ती मला म्हणाली, "तुझ्या पप्पांकडं लक्ष दे. दुसऱ्याच्या दुःखात ते फार शहाणे आहेत. स्वतःच्या दुःखात अगदी नवखे."

गणपतीच्या दिवसांत आई गेली. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मंडळाचा मांडव होता. शवपेटी घेऊन आम्ही बाहेर पडलो आणि कुणी काही न सांगता पोरांनी गाणी बंद केली. मग त्यांच्यातलेच काही पुढं येऊन खांदा द्यायला लागले आणि दफनभूमीपर्यंत आळीपाळीनं आले. पप्पा त्यांच्यामागून चालत होते. दुसऱ्या चर्चच्या पाळकांनी विधी केला. पप्पांनी एक मूठ माती टाकली आणि हात कोटाला न पुसता तसाच धरून उभे राहिले.

थोड्याच दिवसांत ते कामाला लागले. रविवारी उपदेश करायचे, वाढदिवसाच्या घरी जायचे, आजाऱ्यांना भेटायचे. सगळे म्हणायचे, पाळकसाहेबांचा विश्वास बघा. मी मात्र त्यांना घरात बघत होते. जेवणाआधीची प्रार्थना ते इतकी भरभर आटपायचे की माझे डोळे मिटायच्या आत 'आमेन' यायचं. माझं तर त्याहून वाईट होतं. मी देवावर रागावले होते, आणि ज्याच्यावर रागावलोय तो आहे की नाही हेही मला सांगता आलं नसतं.

मग तो रविवार आला. गाणी झाली, शास्त्रवाचन झालं. पप्पा मंडळीसाठी प्रार्थना करायला उभे राहिले. सगळ्यांनी डोळे मिटले. बराच वेळ काही ऐकू आलं नाही, तसे लोक एकेक करून डोळे उघडायला लागले. पप्पा दोन्ही हातांनी व्यासपीठ धरून उभे होते.

"मंडळी," ते म्हणाले, "गेले कित्येक आठवडे मी इथं प्रार्थना करतोय ती पाठ आहे म्हणून करतोय. आत काही नाही. तुमच्यासमोर उभं राहून खोटं बोलणं मला जमत नाही. आज दुसऱ्या कुणीतरी करा."

असं चर्चमध्ये कुणी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं आता कुजबुज सुरू होणार. पण मागच्या बाकावरून फाउंड्रीतून निवृत्त झालेले एक काका उठले. भट्टीच्या धगीनं चेहरा कायमचा लालसर झालेला, बोलणं राकट. चर्चमध्ये त्यांनी तोंड उघडलेलं मला आठवत नव्हतं. ते म्हणाले, "देवा, आमचं पाळकसाहेब दमल्यात. त्यास्नी जरा बसू दे. तवर आमी हाय की." आणि खाली बसले. त्यांनी 'आमेन' म्हटलंच नाही, ते आम्ही सगळ्यांनी म्हटलं. पप्पा पायऱ्या उतरून आले आणि माझ्या शेजारी बाकावर बसले.  मी त्यांचा हात धरला.

त्याच आठवड्यात चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांची बैठक आमच्याच घरात झाली. मी चहा करत होते, त्यामुळे सगळं कानावर येत होतं. पंचांमध्ये एक निवृत्त हेडमास्तर होते, शिस्तीचे. त्यांचं म्हणणं होतं की ज्याला प्रार्थना करता येत नाही त्यानं पाळकाचं काम करू नये, चर्चच्या वरच्या अधिकाऱ्यांना कळवायला हवं. पप्पांनी लगेच मान्य केलं. ते म्हणाले, मी राजीनामा देतो, घर रिकामं करायला थोडा अवधी द्या. फाउंड्रीवाले काकाही पंचांत होते, ते यावर म्हणाले, "पाळकसाहेबांचा पाय मोडला असता, तर काढलं असतं व्हय आपण? प्लास्टर घातलं असतं की."  हेडमास्तरांनी बशीत ओतलेला चहा निवेपर्यंत विचार केला आणि म्हणाले, ठीक आहे, मग उपदेश मी करतो. पाळकसाहेबांनी घंटा वाजवायची, दार उघडायचं आणि आमच्यासोबत बसायचं. प्रभुभोजनाच्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीसाठी बाहेरचे कुणी पाळक बोलवू.

हेडमास्तरांचे उपदेश फार लांब असत. ते फळा नसलेल्या भिंतीकडे वळून बोटानं मुद्दे लिहायचे. पप्पा तिसऱ्या बाकावर बसून ऐकायचे, कधी पेंगायचे आणि मी कोपरानं ढोसलं की दचकून बायबलची पानं उलटायचे. एकदा घरी येताना म्हणाले, "इतकी वर्षं मी यांना या असल्या टणक बाकांवर बसवत होतो. कुणी एका शब्दानं बोललं नाही." आई गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

एका संध्याकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरात मेथी निवडत होतो. मी त्यांना विचारलं, देव आहे असं तुम्हाला अजून वाटतं का? दुसऱ्या कुणाला मी हे विचारलं नसतं. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"आज नाही सांगता येत," ते म्हणाले. "पण रविवारी तिथं बसलो की मला ही माणसं दिसतात. त्यांचा विश्वास आहे हे दिसतं. ते माझ्या वाटणीचाही धरून बसलेत, तोवर मी उठून जायचं नाही, एवढं ठरवलंय."

मी विचारलं, आणि मी काय करू? ते म्हणाले, तू माझ्या शेजारी बस. एकट्याला झोप लागते.

म्हणून मी बसत राहिले. खरं सांगायचं तर त्या वर्षात मला चर्चमध्ये धरून ठेवलं ते कुठल्या उपदेशानं नाही. माझ्या शेजारी एक पाळक बसायचा; गाणं म्हणता येत नसे तेव्हा तो नुसतं पुस्तक उघडून उभा राहायचा. खोटं न बोलता इथं राहता येतं, हे मला त्याच्याकडे बघून कळलं.

आजाऱ्यांना भेटायचं पप्पांनी थांबवलं नव्हतं. शाळा सुटली की मी त्यांना स्कूटरवरून सरकारी दवाखान्यात सोडायची. आपल्या लोकांना ते आधीच सांगून टाकायचे की सध्या प्रार्थना जमत नाही, नुसता बसतो. लोकांना त्याचंही काही वाटत नसे. उलट काही जण त्यांच्याशी जास्त बोलायला लागले होते. प्रार्थना लवकर होऊ दे म्हणून वाट बघत पडायची आता गरज नव्हती.

पावसाळ्यात असेच एकदा आम्ही आमच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्यांना भेटायला गेलो होतो. पलीकडच्या खाटेवर चंदगडकडचे एक शेतकरी होते. दुसऱ्या दिवशी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. घाटात दरड कोसळून एसटी बंद पडली होती, त्यामुळे घरचं माणूस येऊ शकलं नव्हतं. ते बराच वेळ पप्पांकडे बघत होते. आम्ही निघालो तशी त्यांनी हाक मारली.

"पावणं, तुमी चर्चचं न्हवं? माझ्यासाठी चार शब्द बोला की तुमच्या देवापाशी."

पप्पा त्यांच्या खाटेजवळ गेले आणि खरं तेच सांगितलं, की माझी बायको गेली तेव्हापासून मला ते येत नाही. त्या माणसाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

"येत न्हाय तर ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "डोक्यावर हात तरी ठेवा."

पप्पांनी हात ठेवला. मी पायथ्याशी उभी होते. वॉर्डात भांड्यांचा आवाज चालला होता, जेवण वाटायची वेळ होती. पप्पांचे ओठ हलले, थांबले, परत हलले. मग त्यांचा आवाज आला, घोगरा, त्यांचा नसल्यासारखा.

"प्रभू, हा माणूस घाबरलाय. मीपण घाबरलोय. याच्याजवळ राहा."

एवढंच. त्या माणसानं हात जोडले आणि बरं वाटलं असं सांगितलं. पप्पा बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून रडले. आईच्या वेळी जे रडले नव्हते ते. मी त्यांच्या खिशातला रुमाल काढून दिला, मग माझाही दिला. येणारेजाणारे बघत होते. एका बाईंनी वाकून विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, आई. ते खोटं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. पण पप्पांनी कधी असं म्हटलं नाही की माझ्या प्रार्थनेनं झालं. आईसाठी याहून कितीतरी जास्त मागितलं होतं, आणि ती गेली होती. या दोन गोष्टींचा मेळ त्यांनी घातला नाही आणि मलाही घालायला लावला नाही. एवढंच म्हणाले की मला वाटत होतं तिकडं कुणी नाही. पण त्या खाटेजवळ मी बोललो ते कुणाशी तरी बोललो, भिंतीशी नाही, हे मला कळलं.

पुढं काही महिन्यांनी ते परत व्यासपीठावर गेले. मंडळीनं कसला गाजावाजा केला नाही. हेडमास्तर थोडे हिरमुसले होते, म्हणून पप्पांनी महिन्यातला एक रविवार त्यांच्याकडेच ठेवला. पप्पांची प्रार्थना आता फार छोटी झाली होती. पूर्वीचे मोठे, घडवलेले शब्द गेले. कुणाचं काय दुखतंय ते सांगायचे आणि थांबायचे. त्या थांबण्यातच मीही हळूहळू माझं काही बोलायला लागले. पहिल्यांदा बोलले ती तक्रारच होती, आणि ती बऱ्यापैकी लांब होती.

आता पप्पा निवृत्त झालेत. आम्ही भाड्याच्या घरात राहतो. ईस्टरच्या पहाटे, येशू मरणातून उठला त्या दिवशी, चर्चमधले सगळे दफनभूमीत जमतात, तसे आम्हीही जातो. थडग्यांवर फुलं, मेणबत्त्या, थर्मासमधला चहा आणि अर्धवट झोपेतली मुलं. नवे पाळक तरुण आहेत, ते उपासना घेतात. ती झाली की लोक एकमेकांना भेटून म्हणतात, प्रभू उठला आहे. समोरच्यानं उत्तर द्यायचं असतं, खरोखर उठला आहे.

पप्पा आईच्या थडग्याजवळ माझा हात हातात घेऊन ते वाक्य म्हणतात. माझं उत्तर काही वर्षी मोठ्यानं येतं, काही वर्षी अगदी हळू. ते कितीही हळू आलं तरी पप्पा परत म्हणायला लावत नाहीत. यंदा मोठ्यानं आलं. मग आम्ही आईच्या फुलांवरचं पाणी झटकलं आणि सगळ्यांबरोबर चहा प्यायला गेलो.