ढगांचं कौतुक

आमचं लग्न माझ्या मानेमुळे जमलं. कॉलेजात असताना मी शहराच्या पूर्वेला ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवायला शिकत होते आणि तिथे शिकवणाऱ्यांत हे सगळ्यात तरुण आणि सगळ्यात तुसडे. रेडिओ होता, तो बहुतेक वेळा नुसता खरखरत असे. त्यामुळे आकाशात दुसरं कोण आहे हे कळायचा मार्ग एकच, बघणं. "नजर बाहेर, मान फिरती. संध्याकाळी मान दुखली नाही तर तुम्ही वर नुसते बसून आलात," असं ते सगळ्यांना सुनावत. एकदा खाली उतरल्यावर मला म्हणाले, "तुमची मान बरी फिरते." त्यांच्या तोंडून निघालेलं एवढंच कौतुक मला पुढे चाळीस वर्षं पुरवून पुरवून वापरावं लागलं.

त्यांची नजर मात्र खरोखर जबर होती. मला जिथे नुसतं निळं दिसायचं तिकडे बघून ते म्हणायचे, "दोन वाजता, जरा खाली." घड्याळातल्या आकड्यांवरून दिशा सांगायची आमची रीत, बारा म्हणजे नाकासमोर. मी डोळे ताणून बघत बसायचे आणि अर्ध्या मिनिटाने तिथे तिळाएवढं काळं हलताना दिसायचं. ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं. मांजरी गावाच्या बाजूला तेव्हा खाली सगळा ऊस, मधून नदी, आणि वर आम्ही दोघं आणि चार-दोन घारी. घारी जिथे गोल फिरत तिथे गरम हवा वर चढतेय असं समजून आम्हीही तिथे जाऊन फिरत असू. घारींनी कधी तक्रार केली नाही.

निवृत्त झाल्यावर आम्ही एका हौशी गटात शिरलो. मांजरीच्याही पुढे, उसाच्या शेतांत एक खासगी धावपट्टी होती आणि तिथे गटाचं दोन जणांचं छोटं विमान. हे डावीकडे बसून चालवायचे, मी उजवीकडे. गटातल्या आयटीवाल्या पोरांनी सगळ्यांना फोनवर एक अ‍ॅप घ्यायला लावलं. आपण कुठे आहोत, किती उंचीवर आहोत, हे फोन इंटरनेटवरून कळवत राहतो आणि आसपास उडणारे बाकीचे नकाशावर ठिपके होऊन दिसतात.

"काका, एकदम सिंपल आहे. सगळं ट्रॅफिक दिसतं," एकाने समजावलं.

"ट्रॅफिक बघायचं असेल तेव्हा मी नळस्टॉपच्या चौकात जातो," हे म्हणाले. त्यांचा फोन खिशातच राहिला आणि माझा माझ्या मांडीवर आला.

त्यांची नजर उतरलीय हे मला आकाशात नाही, मंडईत कळलं. मेथीच्या दोन जुड्या घेऊन ते एका अनोळखी बाईंच्या मागे खुशाल चालत निघाले होते. साडीचा रंग तेवढा माझ्यासारखा होता. मी मागून हाक मारली तेव्हा थांबले आणि उलट मलाच म्हणाले, "तू पुढे होतीस ना?" डोळ्यांच्या तपासणीत ते चष्म्यासकट पास झाले होते. पण भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं जागची हलत नाहीत. त्यानंतर विमानात मी त्यांच्यावर लक्ष ठेवायला लागले. फोनवर ठिपका यायचा, मग मला बाहेर विमान दिसायचं, आणि हे गप्प.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोलले असते तर त्यांचं उडणं थांबलं असतं, आणि न उडणारा हा माणूस रविवारी घरात काय करेल याची मला कल्पनाच करवेना. मग मी संसारात शिकलेली युक्ती वापरली. ठिपका डावीकडे आला की म्हणायचे, "अहो, तो डावीकडचा ढग बघा, किती सुरेख आहे." ते बघायचे, थोडा वेळ शोधायचे आणि मग रुबाबात सांगायचे, "दहा वाजता, आपल्याच उंचीवर. दिसलं का तुला?"

"हो, आत्ता दिसलं," मी म्हणायचे.

एक अख्खा हिवाळा मी ढगांचं कौतुक केलं. आकाश कोरं असलं की लांबच्या डोंगरांचं. त्यांना आपली नजर पूर्वीसारखीच आहे असं वाटतंय, या समाधानात मी होते. खरं सांगायचं तर मला त्या युक्तीचा थोडा अभिमानही वाटत होता.

मग तो रविवार आला. गुऱ्हाळांचा धूर खाली साचला होता आणि सगळं पांढुरकं दिसत होतं. आम्ही परत धावपट्टीकडे येत होतो. फोनवर डावीकडे एक ठिपका होता, पुष्कळ लांब. तो जवळ आला की ढग काढायचा, असं ठरवून मी त्याच्यावर डोळा ठेवून बसले. तो जवळ येतच नव्हता. वर कधीकधी नेट अडकतं आणि ठिपका होता तिथेच गोठून राहतो, हे पोरांनी मला बजावून सांगितलं होतं. ते मला सुचेपर्यंत एक छोटं विमान डावीकडून आमच्या नाकाखालून निघून गेलं. चालवणाऱ्याच्या डोक्यावरचं लाल हेल्मेट मला स्पष्ट दिसलं. ह्यांनी आमचं विमान वर उचललं, ते तो निघून गेल्यावर.

आम्ही उतरलो. धावपट्टीवरच्या रखवालदाराने खालून सगळं बघितलं होतं. "काका, लई जवळनं गेलं हाय ते," तो म्हणाला. हे मान हलवून आत गेले, विमानाची किल्ली पोरांच्या हातात दिली आणि म्हणाले, "माझं झालं. आता तुम्ही उडवा." पोरं गडबडली. ह्यांनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही.

परत येताना गाडी मी चालवत होते. सोलापूर रस्त्याला लागेपर्यंत मी कसाबसा तग धरला आणि मग सगळं सांगून टाकलं. मंडई, ठिपके, ढग, सगळं. आज बाहेर बघायचं सोडून मी मांडीवरच्या फोनकडे बघत बसले होते, हेही. चूक माझी आहे, तुमची नाही, असंही म्हणाले.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत तू एका ढगाला चांगलं म्हटलं नव्हतंस."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू यायची थांबली असतीस. मला एकट्याला कोण जाऊ देणार होतं?"

मला त्यांचा राग आला आणि माझा त्याहून जास्त. आपण किती प्रेमाने, किती शहाणपणाने एकमेकांना मरणाच्या दारात नेऊन बसवलं होतं, हे मला तेव्हा लख्ख कळलं.

ते खिडकीबाहेर बघायला लागले. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, "आज मला समोरचं काहीच दिसत नव्हतं. तू ढगाचं काहीतरी म्हणशील, म्हणून मी वाट बघत होतो."

मला पुढचा रस्ता दिसेना, तेव्हा मी गाडी कडेला घेतली.