सावलीत बसू न देणाऱ्या शेख मॅडम

मैदानावर शिट्टी वाजवण्याआधी शेख मॅडम खांद्यावरच्या पिशवीतून दम्याचा पंप काढायच्या आणि सगळ्या वर्गासमोर तोंडाला लावायच्या. "थांबा गं, पेट्रोल भरून घेते," म्हणायच्या. पोरी हसायच्या, त्याही हसायच्या. मी मात्र मान खाली घालायचे.

कारण तसाच पंप आमच्या सावेडीतल्या घरी, कपाटात साड्यांखाली होता. पळून थांबले की मला खोकल्याची उबळ यायची, छाती आवळायची, आत शीळ वाजायची. डॉक्टरांनी खेळाआधी पंप घ्यायला सांगितलं होतं, पण आईला ते पटत नव्हतं. "उद्या लग्न जमवायचंय तुझं. गावभर कशाला?" म्हणून मी सर्दीचं निमित्त सांगायचे आणि चिंचेखाली बसून इतरांचा खो-खो बघायचे. मला खेळायचं होतं, फार खेळायचं होतं.

मॅडम मूळच्या मिरजगावच्या. वर्गात पुस्तकी बोलायच्या, पण माया दाटली की तोंडी गावची भाषा यायची. एकदा माझ्या पाठीला कान लावून म्हणाल्या, "ही सर्दी न्हाई. ही शीळ माझ्या वळखीची हाय." त्याच संध्याकाळी त्या स्कूटीवरून आमच्या घरी आल्या.

आईनं चहा दिला आणि म्हणाली, "मॅडम, हिला आपलं सावलीत बसवत जा."

"ताई, माझी अम्मी बी हेच म्हनायची. सगळी शाळा मी सावलीत काढली. त्या रागानंच खेळाची मास्तरीन झाले."

"अन् स्थळं?"

"ज्यांना ही नको, ती स्थळं आपल्याला तरी कशाला?"

आई हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं पंप माझ्या दप्तरात ठेवला.

मॅडम मला आधी नुसतं चालवायच्या, थंडीत नाकावर रुमाल बांधायला लावायच्या, मग हळूहळू पळवायच्या. जरा खोकले की बाहेर. मी फुरंगटले की म्हणायच्या, "आधी दम, मग खो. लई घाई झाली व्हय?" शाळेच्या संघात माझी निवड झाली तेव्हा पेढे माझ्यापेक्षा त्यांनीच जास्त खाल्ले.

गेल्या हिवाळ्यात मॅडम हृदयविकारानं गेल्या. शाळा संपल्यावर खूप माणसं भेटली, पण माझा श्वास असा कान देऊन ऐकणारं कुणी भेटलं नाही. त्यांची फार आठवण येते.

आई आणि मी त्यांच्या घरच्यांना भेटायला मिरजगावला गेलो. घरात बायका सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं आम्ही कोण ते विचारलं. माझ्यासाठी स्थळं पाहणं तेव्हा चालूच होतं. तरी आई त्या सगळ्या अनोळखी बायकांसमोर खणखणीत आवाजात म्हणाली, "ही माझी मुलगी. हिला दमा आहे. मॅडमनी हिला पळायला शिकवलं."

मॅडमनी हे ऐकायला हवं होतं.