हुलसूरच्या खड्ड्यातले दोन दोरे आणि आमची आठ सिलिंडरची गाडी

“मी पण येणार,” असं मी म्हटलं, तेव्हा अरविंदराव, म्हणजे माझे यजमान, चहा प्यायचे थांबले.

“कुठं?”

“हुलसूरला. गाडी काशप्पाला दाखवायची. तो नाही म्हणाला तर मद्रासची शर्यत रद्द. कबूल?”

“कबूल,” म्हणाले. इतक्या लवकर कबूल झाले, की माझ्या मनात पाल चुकचुकली.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही गुलबर्ग्याला राहायचो, आताचं कलबुर्गी. मी मुलींच्या शाळेत शिक्षिका, हे रस्ते खात्यात ओव्हरसियर. आणि दारात उभी होती ती दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी. हैदराबादच्या एका शौकिनाला तिच्या पेट्रोलचा खर्च झेपेना, म्हणून ती आमच्या गळ्यात पडली. चालू केली की शेजारच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. सुट्या भागांसाठी हे महिन्यातून एकदा हैदराबादला पळायचे. मद्रासजवळच्या एका जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती व्हायच्या. तिथं एकदा तरी ही गाडी पळवायची, हे ह्यांचं वेड. शर्यत पंधरा दिवसांवर आली होती.

आता प्रश्न असा, की इतक्या ताकदीचं इंजिन शर्यतीत वळणावळणावर रेटलं, तर खालचा सांगाडा, म्हणजे चेसी, पिळते का? तिला बळकटी द्यायला हवी का? ह्यांनी परस्पर उत्तर काढून ठेवलं होतं. गावातल्या एका वर्कशॉपात डाव्या बाजूला जाडजूड लोखंडी अँगल वेल्डिंग करून घेतला होता. उजवी बाजू पुढच्या आठवड्यात. म्हटलं, अहो, एका पायात बूट घालून कुणी पळतं का? त्यावर, “तुला यातलं काय कळतंय?” मला इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण नवरा जिवंत परत यावा एवढं कळत होतं.

काशप्पाचं नाव मला माहेरामुळं ठाऊक. माझं माहेर भालकीजवळचं मेहकर. आमच्या अप्पांच्या बैलगाड्या आणि पुढं ट्रॅक्टरची ट्रॉली काशप्पानंच बांधलेली. ऊस भरून ओढ्यातून निघाली तरी ट्रॉलीचं फळकूट वाजत नाही, असं अप्पा सांगायचे.

शनिवारी उजाडताना निघालो. ज्वारी काढून झालेली, काळी रानं मोकळी पडलेली. पहिला थांबा कमलापूर. तिथली लाल सालीची केळी खाल्ल्याशिवाय या रस्त्यानं जाऊ नका, आजही मिळतात. हुमनाबादला चहा आणि गरम मिरची भजी. टपरीवाल्यानं गाडीला प्रदक्षिणा घातली. “सायेब, लिटरला किती देती?” आकडा ऐकून म्हणाला, “मग बैल बरे की हो!” मी पोटभर हसले, ह्यांनी चहा एका घोटात संपवला. तिथून सोलापूरच्या हमरस्त्यानं पश्चिमेला, मग उजवीकडं बसवकल्याणचा फाटा. माती लाल होत जाते, किल्ला दुरून दिसतो. पुढं हुलसूरपर्यंतचा रस्ता तेव्हा खडीचा होता. आता हुलसूर तालुक्याचं गाव आहे आणि रस्ता बरा आहे.

काशप्पा साठीचा, बुटका, कानात बारीक बाळी. शेडमध्ये ट्रकच्या खाली उतरायला खणलेला खड्डा. गाडीकडं त्यानं आधी पाहिलंच नाही, मला विचारलं, “अक्का, अप्पा बरे हायत ना? लई दिसानं आलाव.” मग गाडीभोवती एक फेरी मारून ह्यांना म्हणाला, “हे वझं एकाच अंगाला कामून?”

“दुसरी बाजू व्हायचीय,” हे म्हणाले.

“वेल्डिंग मारलं तवा गाडी कशावर हुती?”

“जॅकवर. एक चाक उचललेलं होतं, खाली घुसायला जागा पाहिजे ना!”

काशप्पानं चार सारख्या मापाच्या लोखंडी पट्ट्या काढल्या आणि सांगाड्याच्या चार कोपऱ्यांना शिकंज्यांनी खाली लोंबत्या आवळल्या. मग पट्ट्यांच्या टोकांना दोन काळे दोरे ताणून बांधले, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, फुलीसारखे. “ट्रॉलीला बी हेच करतो,” म्हणाला. “चारी कोपरं एका पातळीत आसले तर दोरे मधी एकमेकाला टेकतेत. चेसी पिळली की सुटतेत. या खाली, अक्का. तुमीच बघा.”

साडी खोचून खड्ड्यात उतरले. दोरे टेकलेले नव्हते. काशप्पानं खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात धान्य! खसखस, ज्वारी, तूर, हरभरा. फटीचं माप तो दाण्यानं घ्यायचा. मला म्हणाला, “घाला.” ज्वारी आरामात गेली, तूर गेली, हरभरा अडकला.

मी वर मान करून ओरडले, “अहो! हरभरा!”

सपाट जमिनीवर उभी गाडी, आणि पिळलेली! काशप्पानं उलगडून सांगितलं. चाक उचलल्यामुळं गाडी जेवढी वाकली होती, तेवढी वाकडी धरूनच तिला अँगलनं बांधलं होतं. बळकटी नव्हे, वाकडेपणाच पक्का केला होता. पूल बांधणारा माझा नवरा खड्ड्याच्या काठावर बसून दोऱ्यांकडं बघत राहिला. मला राग येणार होता, पण आला नाही. एका पुडीतल्या दाण्यांनी एवढ्या मोठ्या गाडीचं खरं काढलं, याचंच नवल वाटत होतं. मी पुन्हा पुन्हा दोऱ्यांना बोट लावून बघत होते.

गॅस कटर नव्हता. “करवतीनं कापा, सायेब. तुमीच बसवलाव, तुमीच काढा.” संध्याकाळपर्यंत हे खड्ड्यात करवत ओढत होते. शेवटचा थर कापला गेला तेव्हा ठण्णकन आवाज झाला आणि करवतीची फट आपोआप बोटभर रुंद झाली. मी खाली वाकले. दोरे टेकले होते. एकाला टिचकी मारली की दुसरा थरथरत होता. माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

काशप्पाच्या बायकोनं, गंगक्कानं, कडक भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगाची चटणी आणि घट्ट दही वाढलं. मुक्कामाचे पैसे विचारले तर म्हणाली, “येडी हायस का गं?” हुलसूरला तेव्हा लॉज नव्हतं, माणसं होती.

रविवारी सकाळी करंट येईपर्यंत हातावर हात ठेवून बसलो. तेवढ्यात काशप्पानं पुढच्या एका चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवला आणि दोरे पुन्हा दाखवले. आता तूर जेमतेम मावत होती.

“म्हणजे पिळतेच ना! बळकटी पाहिजेच ना!” हे उसळून म्हणाले.

“बाजारहाटाला काय बी नगं, सायेब. शर्यतीला पाहिजे, पर हिशोबात. बघा, पुढचं हाड हितं संपतं, मागचं तितनं सुरू हुतं. मधी नुसता पत्रा. दोन्ही अंगाला सारखाच एकेक पाइप, बास. जास्ती कराल तर वझं वाढल, आन् ताण दुसरीकडं निघल.”

ठोकळा काढला. गाडी स्वतःच्या चार चाकांवर उभी. मग म्हणतो, “सायेब, आत बसा. चालवणाऱ्याचं वजन बी गाडीचंच आसतंय.” पेट्रोलच्या टाकीवर ओली पोती टाकली आणि पाइप शिकंज्यात आवळून वेल्डिंगचे टाके मारेपर्यंत ह्यांना हलू दिलं नाही. घामानं निथळत बसलेले हे, आणि खाली चष्मा लावलेला काशप्पा. एक टाका डावीकडं, लगेच एक उजवीकडं, मध्ये थांबून दोरे बघणार. कुणाची घाई नाही, बडबड नाही. माणूस कामापुढं इतका नम्र असू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. शेवटी ठोकळ्यावर चढवून पुन्हा माप. मी पुडी उघडली. ज्वारी जाईना. खसखस गेली.

“आता गाडी सांगाल तिकडं जाईल,” तो म्हणाला. “शर्यतीला जायचं का न्हाई, ते मी सांगणार न्हाई. बघितलंय तुमी, अक्का. तुमी सांगा.”

मजुरी घेतली ती ट्रॉलीच्या दुरुस्तीएवढीच. वर द्यायला गेलो तर रागावला.

परतीला हमरस्त्यावर एक लांब सरळ पट्टा लागतो. तिथं ह्यांनी चक्क दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलले. मी किंचाळले. गाडी मात्र नाकासमोर, सरळ.

“काल येताना मी सगळा रस्ता स्टेअरिंग उजवीकडं दाबून धरलं होतं,” हे रस्त्याकडं बघत म्हणाले. “आठवडाभर डावीकडं ओढत होती. तुला सांगितलं नाही.”

“आणि तशीच मद्रासला नेणार होतात?”

“व्हय.”

इतकंच. मी हुमनाबाद येईपर्यंत ह्यांचे स्टेअरिंगवरचे हात बघत बसले. माझ्या शेजारी बसून इतके मैल हा माणूस हसत हसत ओढ सांभाळत होता, आणि मला पत्ता नव्हता.

घरी आलो. हातपाय धुऊन हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. “जाऊ का?”

आमच्या संसारात त्यांनी मला बऱ्याच गोष्टी सांगितल्या होत्या, विचारली ही पहिलीच. मला नाही म्हणायचं होतं. नाही म्हणायचा हक्क काशप्पानं माझ्या हातात दिला होता. पण ते टेकलेले दोरे मी डोळ्यांनी पाहिले होते, आणि ते नाकारायचे तर मग मीही खोटीच.

“जा,” म्हटलं. “पण ओढायला लागली तर थांबा. आणि मला सांगा.”

त्या वाटेनं नंतर कितीदा गेले. केळी, किल्ला, लाल माती, सगळं आवडतं. पण मनात राहिलाय तो हुलसूरचा खड्डा. गाडीला बळकटी लागते का असं मला आजही कुणी विचारलं, तर मी सांगते, आधी ती सरळ उभी आहे का ते बघा, आणि जे दिसेल ते घरी खरं सांगा.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी शिपाई तार घेऊन थेट वर्गात आला. तेव्हा तार म्हटली की एकच अर्थ. मुली उभ्या राहिल्या. मी तिथंच फोडली. ‘शेवटून तिसरा. एकदा ओढली. थांबलो. उद्या निघतो.’ टेबल धरून मी ढसाढसा रडायला लागले. पहिल्या बाकावरची पोरगी घाबरून म्हणाली, “बाई, कोण गेलं?”

“कुणी गेलं न्हाई गं,” मी म्हटलं. “यायलेत.”