रोटाची मूठ

कानबाईचा रोट परक्याला देत नाहीत, हे आमच्या भाऊबंदांत पोराटोरांनाही ठाऊक असतं. श्रावणात कानबाई, आमच्याकडची देवी, घरात बसायच्या आधी घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू मोजून घेतात. ज्याच्या नावाची मूठ पडली त्यानेच त्या पिठाचा रोट, म्हणजे जाड पोळी, खायचा. उरला तर टाकायचा नाही, शेजारी द्यायचा नाही, पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचा. डॉक्टर झाल्यापासून मी या नियमाची टिंगल करत आलो होतो. पण पिंप्राळ्याच्या आमच्या घरी इथिओपियाची दोन लेकरं आली, त्याच्या पुढच्या वर्षी मला टिंगल सुचेना.

इथिओपियात मी दुष्काळाच्या छावणीत काम करायला जायचो. सलग तीन वर्षं गेलो, आणि तिन्ही वेळा नेमका पावसाळ्यात, दवाखाना एका मित्राच्या गळ्यात मारून. ही भावंडं पहिल्याच खेपेला तिथे भेटली. आईबाप गेलेले. बहीण आठ-नऊ वर्षांची, भाऊ चारचा. एका दुपारी ती जेवायला बसली होती. तिकडे आंबोळीसारखी मोठी, आंबट पोळी असते, इंजेरा म्हणतात. मी नाडी बघायला वाकलो, तर तिने तुकडा मोडून, डाळीत बुडवून माझ्या तोंडासमोर धरला. मी मान फिरवली. हाडं मोजता येतील अशा पोरीच्या ताटातलं मी कसं खाणार? शिवाय हात कुठे धुतलेत कोण जाणे, हेही मनात आलंच. डॉक्टरकी कुठे जाते!

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, नाडीही दाखवेना. शेवटी तिथल्या नर्सबाईंनी मला झापलं. तिकडे ज्याला आपलं मानायचं त्याला आपल्या हाताने घास भरवतात, आणि तो नाकारणं म्हणजे माणूसच नाकारणं. मी लाजलो. संध्याकाळी तिच्यापुढे उकिडवा बसलो आणि आ केला. तिने मला बराच वेळ तसंच बसवून ठेवलं, मग घास दिला.

आम्हाला मूल नव्हतं. पुढच्या खेपेला बायको बरोबर आली, आठवडाभर राहिली आणि म्हणाली, "मी या दोघांना घरी नेल्याशिवाय राहणार नाही." कागदपत्रांनी पुष्कळ चपला झिजवल्या, पण तिसऱ्या खेपेला पोरं घरी आली. पोरगा दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून बसून पेशंटांची भाषा उचलायला लागला. पोरीने शेवभाजीच्या रश्श्याला नाक मुरडलं नाही, तिखटाने मला मात्र घाम फुटायचा. कंपाउंडर, रिक्षावाले भाऊ, शेजारच्या काकू, जेवताना जो समोर येईल त्याला ती घास भरवायची. काकू पहिल्यांदा दचकल्या, नंतर जेवणाची वेळ साधून यायला लागल्या.

पुढच्या श्रावणात चोपड्याकडच्या आमच्या गावाहून अक्कांचा निरोप आला : रविवारी रोट आहे, या. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या काकू, घराच्या कारभारीण. माझी आई गेल्यावर मला त्यांनीच वाढवलं. निरोपात पोरांबद्दल अक्षर नव्हतं.

"त्यांनी पोरांची मूठ धरली नसेल तर मी तिथे पाणीही पिणार नाही," मी म्हणालो.

"आधी जाऊ तर द्या," बायको म्हणाली. "भांडण काय, तिथेही मिळेल."

एसटीत मी भाषण जुळवत होतो. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. पोरगा लहान होता, पण पोरीला ताट कोणी नाकारलं तर ते लगेच कळणार होतं. ते मला बघवलं नसतं.

पोचलो तेव्हा पंगत बसतच होती, आम्हीही बसलो. गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर वाढून झाली होती. अक्का रोट स्वतः वाढत होत्या. एका टोकापासून सुरुवात करून त्या माझ्या ताटाशी आल्या, थांबल्या आणि न वाढता पुढे सरकल्या. मला वाटलं, झालं, आता आमच्या सगळ्याच कुटुंबाला वगळणार. माझा तोल गेला. मी ताटावरून उठलो. "चला रे पोरांनो," म्हणालो. "इथे आपण परके आहोत."

अक्कांनी शांतपणे माझ्या बायकोच्या ताटात रोट ठेवला. मग पोरीच्या. मग पोराच्या, त्याला जरा मोठा. मग माझ्याकडे वळल्या.

"बस खाले. पोरेस्न्या मुठी मी बठ्ठास्ना पहिले लिध्यात. तुन्ही मूठ लिधी नही."

पोरांच्या मुठी सगळ्यांच्या आधी घेतल्या, आणि माझीच नाही? "माझी? का?"

"तीन वरीस तुन्हा वाटाना रोट आम्हीच खादा. टाकता येत नही, दुसराले देता येत नही. दुन्याना पोरेस्ले जेवाडाले जास, घरना रोटले येत नही. यंदा तरी तू येशी, हाई माले कसं समजी?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. मी जगाच्या पोरांना जेवू घालत होतो ती तीन वर्षं हे घर माझ्या नावाचं पीठ दळत होतं आणि माझी वाट बघून स्वतः संपवत होतं, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. मी मुकाट्याने खाली बसलो. माझ्या ताटात भाजी होती, खीर होती, रोट नव्हता. मला फार वाईट वाटलं.

पोरगी हे सगळं बघत होती. तिला किती समजलं माहीत नाही. तिने आपल्या रोटाचा तुकडा मोडला, खिरीत बुडवला आणि माझ्या तोंडासमोर धरला.

मी अक्कांकडे बघितलं. नियम त्यांचा होता.

"तिन्हा वाटाना शे," अक्का म्हणाल्या. "ती देस त खा."

या खेपेला मी मान फिरवली नाही.