भोपाळ स्टेशनावर माझी गाडी

मंडळी, आत्ताच हॉटेलात पोचले, आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही!

पुस्तक मेळ्यासाठी पांढुर्ण्याहून एकटी भोपाळला आले. स्टेशन ते हॉटेल गाडी मोबाइलवर मीच बुक केली. आधी प्रवासात हे म्हणायचे, "तू पिशवी पकड, बाकी मी पायतो." हे जाऊन तीन वर्षं झाली.

बाहेर आले तर ड्रायव्हर माझ्या नावाची पाटी धरून उभा! आनंदात मी त्याला नमस्कारच केला.

शेजारी रिक्षा थांबवून भोपाळातच राहणारे माझे धाकटे दीर उभे. लेकीनं कळवलं असणार.

"वहिनी, आमचं घर असून हॉटेल? लोकं काय म्हणतीन?"

मी माझ्या गाडीचं दार उघडलं. रिक्षात बसले असते, तर पुन्हा कधी एकटी निघाले नसते.

"म्हणतीन, वहिनीनं गाडी केली. बसा. तुमच्या घरी चहा पिऊ, मग मी हॉटेलवर जाईन."

"पण वहिनी, तुमाले रस्ता..."

मी संत्र्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली. "भाऊजी, तुमी पिशवी पकडा, बाकी मी पायतो."

भावाचं वाक्य त्यांनी ओळखलं. डोळे पुसले, हसले आणि गाडीत बसले.

तुम्ही स्वतःसाठी पहिली गाडी कधी केली? सांगा बरं.