दोन कपांची निळी ज्योत

सरकारची योजना सरकारपेक्षा जास्त मनावर घेणारा माणूस मी एकच पाहिला. माझे पलूसचे चुलतसासरे. पलटणीतून हवालदार होऊन परतले, तेव्हा चुलीच्या धुरानं काकींचे डोळे कायमचे लाल झालेले. पंचाहत्तरच्या सुमारास गोबर गॅसला अनुदान मिळतं असं कळलं आणि काकांनी ठरवलं, हिची भाकरी आता बिनधुराची.

मग काय! माणसाआधी त्याचं जनावर त्यांच्या नजरेत भरायचं. पाहुणा गाडी जुंपून आला, की निघताना त्याला म्हणत, "तुमी यष्टीनं जावा पावनं, बैल ऱ्हाऊ द्यात दोन दिस."

हिशेब मी मांडून दिला होता. गॅसच्या टाकीला निदान चार जनावरांचं शेण हवं. काकांकडे एक गाय, एक म्हैस. "त्ये बघतो की जावय," म्हणाले, आणि अनुदानाच्या तपासणीला शेजारच्या तीन म्हशी आणून बांधल्या. साहेब यायचे सकाळी, आले दिवेलागणीला. धारेची वेळ झाली तशा तिन्ही म्हशी दावी तोडून आपापल्या घराकडे चालू लागल्या.

"ह्या कुठं निघाल्या?" साहेबांनी विचारलं.

काका ताठ उभे. "सुट्टीवर चालल्यात सायेब. सकाळच्या हजेरीला हायतच!"

साहेब पोट धरून हसले. "असू द्या हवालदार. मार्चअखेर मला टाक्या दाखवायच्यात, म्हशी नव्हेत." आणि सही केली.

टाकी कागदावर चढली, अंगणातही उभी राहिली. तिच्यात गॅस मात्र दोन जनावरांपुरताच. पहिली भाकरी एका अंगानं भाजली आणि निळी ज्योत फुस्स झाली. "आर्धी तर झाली!" काका ओरडले. उरलेली अर्धी काकींनी डोळे पुसत चुलीवर शेकली. पुढं वर्षानुवर्षं त्या गॅसवर रोज दोन कप चहा तेवढा व्हायचा. तो काका स्वतः करायचे, पहिला कप काकींना.

काका गेले. टाकीचा पत्रा गंजला. काकी आता सांगलीला आमच्याकडे असतात. आमचा गॅस सिलिंडरचा. दुपारी त्या दोन कप चहा करतात आणि झटकन सिलिंडरचंच बटण बंद करतात. शेजारच्या शेगडीवर भाजी अर्धीकच्ची का असेना.

एकदा मी म्हणालो, "काकी, राहू द्या चालू. हा तसा संपत नाही."

त्यांनी बटणावरचा हात काढून घेतला, ज्योतीकडे पाहिलं. "संपत न्हाई व्हय?" म्हणाल्या. "मग त्येन्ला बलवा की. भाकरी करती."